भांगेतल्या बाया

सोळाशे पंच्याण्णवच्या कापणीला विधवा अपोलोनियाच्या शेतावर सगळं गाव लोटलं होतं. भांग सगळेच पेरायचे; दोर, कापड, दिव्याचं तेल, सगळं त्या पिकावर. यंदा गावभर दाणे टच्च भरले होते आणि एकट्या अपोलोनियाचे पोकळ. तिच्याजवळ पुढच्या पेरणीला बी नव्हतं, आणि गावाजवळ ती चेटकीण असल्याचा पुरावा होता.

तो पुरवला होता किलियनबुवांनी. हे गृहस्थ उन्हाळ्यात नेकार नदी उतरून आले आणि भांग बघताच किंचाळले, "शेतात बाया शिरल्यात! बाप्यांना नासवतायत! उपटा!" आमच्याकडे भांगेच्या काटकुळ्या, लवकर वाळणाऱ्या रोपाला 'बाई' म्हणतात आणि दाणे धरणाऱ्या दांडग्या रोपाला 'बाप्या'. लोकांनी कळ्या उमलायच्या आत साऱ्या बाया उपटून बुवांच्या अंगणात नेऊन टाकल्या. मग बुवा संत उर्बानच्या नावाची पिवळी धूळ घेऊन दारोदार हिंडले. जो अंडी, चरबी देईल त्याच्या भांगेवर सशाच्या शेपटीनं धूळ! अपोलोनिया म्हणाली, "संताला माझी अंडी कशाला? कोंबडी पाळ म्हणावं त्याला." तिथंच ती संपली.

कापणीला गावप्रमुख फाइटनं तिचे दाणे नखानं चिरडून दाखवले. नुसती टरफलं. मी गावचा शाळामास्तर. मी पुढे झालो.

"अपोलोनियाच्याच शेतातली ही लाल दोरा बांधलेली फांदी बघा." मी दाणा चिरडला. तेल सुटलं. "हिच्यावर मी धूळ टाकली आणि वर पिशवी बांधली. धूळ कुठली? बुवांच्या मागच्या दारची! तुम्ही उपटलेल्या बाया त्यांनी हौदात उभ्या केल्या, फुलं उमलली, खालच्या चादरीवर धूळ पडली. तुमचंच तुम्हांला विकलं! ही धूळ नसली की दाणा भरत नाही. यात चेटूक नाही आणि संतही नाही."

"म्हणजे बाईमुळं बाप्याला पोर होतं?" फाइट म्हणाला. "मास्तर, तुमच्या घरी बाळंतपण कुणाचं झालं?"

हशा पिकला.

"अरे, नावंच उलटी आहेत! काटकुळं रोप नर. दाणे धरतं ती मादी."

"आमच्या आज्याला बाई-बाप्या ओळखता येत नव्हता होय?"

तेवढ्यात बुवांनी गुडघे टेकले. "धूळ चोरली तरी संत पावला, लेकरांनो! मास्तरांचा हात लागला तेवढी फांदी फळली. या बाईचा हात लागला ते सगळं वांझ. आता तरी पटलं?"

पटलं. फांदी वाजतगाजत चर्चमध्ये गेली. अपोलोनियाला कचेरीच्या गाडीत चढवलं. मी चाकाला धरून ओरडत राहिलो, कुणी ऐकेना. ती वाकून म्हणाली, "मास्तर, तुमचं खरं आहे हो. पण मला न्यायला तुमचीच फांदी कामी आली."

ती परतली नाही. तिच्या शेतात तण माजलंय.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, बुवांवरही नको. पुढच्या पेरणीला एक काटकुळं रोप राखा, त्याच्या शेजारच्या दांडग्या रोपाचा दाणा स्वतःच्या नखानं चिरडून बघा. आणि निदान तो चिरडून होईपर्यंत कुणाला गाडीत चढवू नका.