चकतीचा चुरा

कुंभारकाकांनी संग्रहालयाला सहा चकत्या करून दिल्या होत्या, तिथल्या जुन्या चकतीसारख्या, अगदी हुबेहूब. तीन हजार वर्षांपूर्वी सूत कातताना टकळीला वजन म्हणून अडकवत असत, तशा मातीच्या. जुनं काम लोकांनी हातात घ्यावं, कातून बघावं, ही तिथल्या मॅडमची कल्पना. अस्सल चकती अर्थात काचेच्या पेटीतच.

रविवारी अंगणात ही झुंबड! एका पोरीच्या हातून चकती फरशीवर पडली आणि तिचे तीन तुकडे झाले. पोर रडकुंडीला आली.

"अगं, मातीच ती," म्हणत काकांनी तुकडे दगडावर कुटले आणि चुरा ओल्या मातीत मळला. भाजलेला चुरा घातला की माती वाळताना तडकत नाही. त्या गोळ्यातून चाळीसेक मुलांनी मणी वळले आणि घरी नेले.

संध्याकाळी नवऱ्याचं कौतुक बघायला काकू आल्या. आधी पेटीपाशी गेल्या. चकतीची पाठ दिसावी म्हणून तिच्याखाली आरसा होता.

"अहो, हिच्यावर तुमचं नख कसं?"

आपल्या प्रत्येक जिनसेच्या पाठीवर काका नख दाबत. आरशात तीच खूण! काकांनी धावत जाऊन टोपली पालथी केली. पाच चकत्या. पाचही नखाच्या. सहावी पेटीत. मग सकाळी कुटली ती...

ते तडक मॅडमच्या खोलीत गेले आणि सगळं सांगून टाकलं.

"शुक्रवारी फोटोसाठी अस्सल आणि तुमची, दोन्ही शेजारी ठेवल्या होत्या," मॅडम पुटपुटल्या. "पेटीत परत मीच ठेवली, काका. चुकीची."

"पोरांना शोधू या? मणी गोळा करू?"

"एकेका मण्यात चिमूटभर. वेगळं काय काढणार?"

मग मॅडमनी पेटीवर स्वतःच्या हातानं चिठ्ठी लावली: 'हा नमुना आहे. मूळ चकती आमच्या चुकीने नष्ट झाली.'

पुढच्या महिन्यात चौकशी बसली. काकांना कोणी बोलावलं नव्हतं, तरी ते धुतलेला सदरा घालून मॅडमच्या शेजारी जाऊन बसले.

"फुटली कोणाच्या हातून?" चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं.

मॅडमनी काकांकडे पाहिलं.

"माझ्या," काका म्हणाले.