हंडिया गाळायचं फडकं

"पोटात दुखतं म्हणून खेळायचं नाही? मघाशी दोन गोल मारलेस, तेव्हा पोट काय घरी ठेवून आली होतीस?"

गोलकीपर नागी जौनीला हाताला धरून ओढत होती. जौनी तांदळाची दारू, हंडिया, विकणाऱ्या सालगीच्या मडक्यांमागे, पळसाच्या बुंध्याला टेकून गुडघे आवळून बसली होती. समोर कापणी झालेल्या धानाच्या खाचरांत चुन्याच्या रेघा मारून हॉकीचं मैदान केलं होतं. एका कडेला खुंट्याला बक्षिसाचा काळा बोकड बांधलेला होता. फायनल जिंकेल त्या गावाचा तो.

सालगी टोपनो गिऱ्हाइकांना सालाच्या पानांच्या दोन्यांतून हंडिया देत होती. कुठंही सामने असले की ती हंडियाची मडकी घेऊन यायची. दोघींचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं, पण तिनं मान वळवली नाही. जौनी ही दसायची मुलगी. आणि दसाय एके काळी सालगीचा नवरा होता. मूल होईना म्हणून त्यानं दुसरी केली, तेव्हा सालगी भावाच्या गावी परतली. त्या घराशी तिचं बोलणं नव्हतं.

"मला नाही यायचं," जौनी म्हणाली. "पाहननं पूजा करून स्टिकांवर पाणी शिंपडलंय. मी आता शिवले तर…"

सालगीच्या हातातला दोना भरून वाहिला.

"ए, सांडतेस कुठं!" गिऱ्हाईक ओरडलं.

"दुसरा घे," सालगी म्हणाली आणि उठून जौनीसमोर उकिडवी बसली. "कधीपासनं?"

"काल रात्री."

"काय घेतलंयस?"

जौनीनं नागीकडं पाहिलं. "जुन्या गमछ्याचा तुकडा."

"शाळेत देतात ना ते?"

"शाळेला कापणीची सुट्टी आहे."

"आणि तुकडा वाळवतेस कुठं?"

"गवताच्या गंजीत. आत खोल." जौनीचा आवाज खाली गेला. "आई म्हणते, कुणी पाहिलं, कुत्र्यानं नेलं, भगताच्या हाती लागलं, तर मूल होत नाही."

सालगीनं मडक्यांशेजारचं टोपलं ओढलं आणि आतून हंडिया गाळायचं फडकं काढलं. स्वच्छ होतं, कालच उकळून दगडावर पसरून कडक वाळवलेलं.

"चल नाल्यावर. नागी, तूही ये. माझ्या मडक्यांवर कोण लक्ष ठेवतंय? तू ठेव रे," तिनं मघाच्या गिऱ्हाइकाला सांगितलं. "पण पिऊन संपवू नको."

नाल्यावर संघातल्या आणखी दोघी पाय धूत होत्या. सालगीनं फडकं मधोमध फाडलं, घड्या कशा घालायच्या ते दाखवलं आणि झुडपाकडं पाठ करून उभी राहिली. जौनी झुडपाआड गेली. तिनं काढलेला तुकडा सालगीनं हातात घेतला. तो ओलसर होता, त्याला गंजीतल्या कुबट गवताचा वास येत होता.

"मावशी, शी! हातात काय घेतेस!" नागी म्हणाली.

"तुझा कुठं असतो?"

नागी कुजबुजली, "छपरात. कौलांखाली."

पाय धुणाऱ्या दोघींपैकी एकीनं हळूच सांगितलं, "माझा पण."

"माझाही तिथंच असायचा," सालगी म्हणाली. "पावसाळ्यात तर वाळायचाच नाही. तोच ओला परत घ्यायचा. मग खाज, घाण पाणी, ताप. कुणाला सांगायचं? लग्नानंतर पोटात गोळा येऊन मी शेतात पडले. सगळे म्हणाले, कुणीतरी करणी केली. भगतानं दोन कोंबडे खाल्ले. पुढं खूप उशिरा जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाली, आत जंतू गेले, नळ्या बंद झाल्या. म्हणाली, ओल्या, कळकट फडक्यानंही असं होतं."

मुली ऐकत होत्या. पाण्यात पाय तसेच सोडलेले होते.

"मूल व्हावं म्हणून लपवायचं," जौनी झुडपाआडून म्हणाली, "आणि लपवलं म्हणून…"

"साबणानं धू. उन्हात टाक. बघू दे बघणाऱ्याला, त्याचे डोळे दुखतील."

नागी खुदकन हसली.

"आणि पाहन?" जौनीनं बाहेर येत विचारलं.

"पाहनचं मला ठाऊक नाही. मी काही देवाशी बोलत नाही. पोट दुखत असलं तर खेळू नको. दुखत नसलं तर खेळ."

जौनी जराशी थांबली. "आता कमी आहे," ती म्हणाली. मग नाल्याच्या काठावर ठेवलेली स्टिक उचलताना तिनं सालगीला, पहिल्यांदाच, हाक मारली. "मोठी आई, माझ्या मागं डाग नाही ना?"

"नाही. जा."

फायनल त्या हरल्या. जौनीनं एक गोल मारला, दुसऱ्या गावानं दोन. हरलेल्यांना कोंबडा मिळाला. सगळ्या मुलींनी त्याला हात लावून ओरडा केला. जौनी मात्र त्याला न शिवता मागं हात बांधून उभी राहिली.

ऊन उतरलं तेव्हा दसाय मडक्यांपाशी आला. केस पिकले होते. "जौनी तुझ्यापाशी होती म्हणे. काय झालं होतं तिला?"

"बायकांना होतं ते." सालगी रिकामे दोने गोळा करत होती. "तिच्या आईला सांग, फडकी गंजीत ठेवायची नाहीत. उन्हात वाळवायची."

"हे मी कसं सांगू तिला?"

"तोंडानं."

सालगीनं दोने टोपल्यात दाबले. मग त्याच्याकडं न पाहता तिनं दवाखान्यातलं सगळं सांगितलं, मुलींना सांगितलं होतं तेवढंच.

"म्हणजे करणी नव्हती?" दसायनं विचारलं.

"ओलं फडकं होतं."

"तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तेव्हा मला तरी कुठं ठाऊक होतं! कळलं तेव्हा तुझी पोर चालायला लागली होती."

दसायनं खाली पडलेला एक दोना उचलून तिच्या टोपल्यात टाकला. "अजून दुखतं?"

"पावसाळ्यात."

ती निघाली. लहान मडक्यांचं टोपलं तिनं कडेवर घेतलं. मोठं मडकं उचलायला वाकली तर दसायनं ते आधीच डोक्यावर घेतलं होतं. त्यांच्यात पुरुष डोक्यावर ओझं घेत नाहीत, त्यांचं ओझं खांद्यावरच्या कावडीला. वाटेवर बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी एक जण ओरडला, "दसाय, आता लुगडं पण नेस!" बाकीचे हसले. दसायनं मडकं नीट सावरलं. तो पुढं, सालगी मागं, अशी दोघं बांधावरून चालत राहिली.

दोन गावांच्या वाटा फुटतात तिथं त्यानं मडकं उतरवलं. सालगीनं चुंबळ डोक्यावर बसवली. मडकं रिकामं होतं. तरी ते उचलून तिच्या डोक्यावर ठेवताना दोघांनी दोन बाजूंनी धरलं.