वर्तुळाबाहेरची भट्टी

नटबोल्टच्या त्या कारखान्याचा कार्बनचा हिशेब पहिल्यांदा मांडायला चंद्रहास भोईर याला अख्खा पावसाळा लागला होता, आणि निष्कर्ष मात्र एका वाक्यात मावला होता: कारखाना हवेत जेवढा कार्बन सोडतो, त्यातला निम्म्याहून अधिक एकटी भट्टी सोडते. बोल्टांना पाणी देण्याची, म्हणजे ते तापवून कडक करण्याची ही भट्टी फर्नेस ऑईलवर चालत असे. "इथे हात घातल्याशिवाय बाकीचं सगळं वरवरचं आहे," असं त्याने मालकांना सांगितलं होतं. जितेंद्रशेठ सांगितलेलं ऐकणारे गृहस्थ होते. त्यांनी भट्टीला हात घातला. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमधून ती उचलली, मेहुण्याच्या नावाने नवी कंपनी काढली आणि भट्टी चांदीप गावी नेऊन बसवली.

यात त्यांनी एकही नियम मोडला नव्हता. अशा हिशेबाला तीन वर्तुळं असतात. आपण स्वतः जाळतो ते पहिलं, आपण विकत घेतो ती वीज दुसरं, आणि आपल्यासाठी दुसरे कुणी जाळतात ते तिसरं. बोल्ट घेणाऱ्या जर्मन ग्राहकाने तूर्त पहिली दोनच मागितली होती. भट्टी पहिल्या वर्तुळातून तिसऱ्यात गेली, म्हणजे कागदावरून गेली. दुसऱ्या वर्षीच्या हिशेबात कारखान्याचं उत्सर्जन निम्म्याखाली आलं. बेरीज चंद्रहासनेच केली होती. बेरजेत चूक नव्हती.

हा आकडा जगाला सांगण्यासाठी शेठनी दिपिका नावाची एक मुलगी नेमली. ती अहवाल सुबक करून देई, फलक करी, छोट्या फिल्मही काढी. पहिल्याच बैठकीत तिने चंद्रहासकडे निरखून पाहिलं.

"सर, एवढा भारी आकडा आणि तुमचा चेहरा बघा. कुणी वारलंय का?"

"वारलेलं कुणी नाही. पत्ता बदललाय फक्त."

शेठ हसले. "यांना हसता येत नाही, दिपिका. एमएस्सी झालेत ना. बोला चंद्रहास, काय खुपतंय?"

"अहवालात एक वाक्य हवंय. भट्टी धरली तर एकूण उत्सर्जन वाढलं आहे."

"वाढलं?"

"हलवताना आतल्या विटांचं अस्तर घाईत लावलं. उष्णता गळते, तेल जास्त लागतं. शिवाय माल न्यायला-आणायला रोज टेम्पो."

"बरं, मला सांगा, भट्टी माझी आहे का?"

"कागदोपत्री नाही."

"मग माझ्या हिशेबात कशी येईल?"

"तिच्यात दुसऱ्या कुणाचा एकही बोल्ट जात नाही, शेठ."

"अहो, माझी बायको एकाच पार्लरला जाते. म्हणून पार्लर माझं झालं?"

दिपिकाला हसू आवरेना. चंद्रहास मग खरी गोष्ट बोलला. भट्टीला गॅसचा बर्नर बसवायचं मागच्या वर्षी ठरलं होतं. निम्मा खर्च जर्मन ग्राहक उचलणार होता, पण केवळ पहिल्या वर्तुळातल्या यंत्रांसाठी. भट्टी बाहेर गेली आणि तिच्याबरोबर बर्नरही गेला. ती हिशेबात परत आली, तरच तो येईल.

"पुढच्या वर्षी बघू," शेठ म्हणाले. हे वाक्य ते नकार म्हणून वापरीत नसत. त्यांना खरोखरच तसं वाटत असे.

चंद्रहासचा बोळिंजला फ्लॅट होता, पण मूळ घर चांदीपचं. भट्टीची शेड उभी राहिली ती त्याच्या काकांच्या, रामनाथच्या, जागेवर. त्या जागेला लागून पुतळाबाई काकीने लावलेला सोनचाफा होता. काकी पहाटे फुलं काढी, ओल्या फडक्यात ठेवी, आणि गाडीवाला ती दादरच्या बाजारात नेई. चंद्रहास गेला तेव्हा ती ओट्यावर परड्या घेऊन बसली होती. पाकळ्यांवर बारीक काळे ठिपके होते. तिने एक पाकळी बोटाने पुसली. ठिपका पसरला.

"बघ," ती म्हणाली. "कालचा माल परत आला. डागी फुलं देवाला चालत नाय म्हनाला."

"धुवून बघितलंस?"

"धुतलेला चाफा कोन घेतं? पानी लागलं की सडतो तो."

रामनाथ आतून बाहेर आले. "त्याला कशाला सांगतंस ते? चाफ्याला राबायला मानसं लागतात. भाड्याला कोन लागतं?"

"तुमाला नाय लागत. मी लागत होते ना चाफ्याला."

"आता बस निवांत."

काकीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "चंदू, ती काजळी थांबंल कशानं?"

काजळी आणि कार्बन डायऑक्साइड या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे सांगायचं चंद्रहासने टाळलं. जास्तीच्या तेलामुळे दोन्ही वाढल्या होत्या, एवढं इथे पुरेसं होतं. "गॅसचा बर्नर बसला तर," तो म्हणाला. "बहुतेक सगळी जाईल."

"मंग बसवा ना."

"भट्टी कंपनीची आहे असं कंपनीने मान्य केलं, तर बसेल."

"कंपनीची नाय तर काय माझी हाय?" काकी म्हणाली. "दसऱ्यापर्यंत बघ काय जमतंय का. झाडं हायत तवर सांगते."

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असते. लेथ, प्रेस, तोलकाटा, चहाचं मशीनसुद्धा. कशाला हार चुकला तर वर्षभर ते यंत्र कुरकुरतं, अशी कामगारांची समजूत, आणि शेठचीही. शेवटच्या यंत्राला कुंकू लागलं की सगळे टेम्पोत बसले. जुना फोरमन प्लासिड चर्चला जाणारा, तरी पूजेची सगळी यादी त्यालाच तोंडपाठ असे. तो ओरडून म्हणाला, "नारळ घेतला ना मोठ्या बाईचा?" मोठी बाई म्हणजे भट्टी. गेल्या वर्षी ती नुकतीच हलली होती, म्हणून सगळे पूजा करायला चांदीपला गेले होते. आता ती रीतच झाली होती.

जितेंद्रशेठनी बूट काढले, भट्टीला स्वतः हार घातला, नारळ फोडला आणि डोळे मिटून उभे राहिले. मेहुणा मागे ताट धरून उभा होता. "आपलं जे काही आहे ते हिच्यामुळे आहे," शेठ कामगारांना म्हणाले. त्यांचा आवाज जड झाला होता, आणि त्यात नाटक नव्हतं. दिपिकाचा कॅमेरा चालू होता. बाजूच्या घरांतली माणसं प्रसादाला जमली होती. रामनाथ पहिल्या ओळीत होते, काकी कुंपणाजवळ.

मग शेठ म्हणाले, "आपल्या कंपनीने प्रदूषण किती कमी केलं, ते चंद्रहास दोन शब्दांत सांगतील."

चंद्रहासने दोन शब्दांहून जास्त घेतले, पण फार जास्त नाही. तो म्हणाला, की दिपिकाने केलेल्या फलकावरचा आकडा बरोबर आहे, कारण त्यात ही भट्टी मोजलेली नाही. ती मोजली तर धूर कमी झालेला नाही, वाढला आहे. भट्टी कुणाची, हे आता सगळ्यांनी पाहिलंच. तिला गॅसचा बर्नर बसवला तर पुढच्या वर्षी तो खरोखर कमी होईल, आणि या चाफ्यावरची काजळीही जाईल. अवघड शब्द त्याने एकही वापरला नाही. समजलं नाही असं कुणाच्याही चेहऱ्यावर दिसत नव्हतं.

प्रथम रामनाथ बोलले. "म्हंजे भट्टी हलवनार काय परत?"

"नाही, काका. हलवायची नाही, सुधारायची."

"तेवढंच इचारायचं होतं."

"आणि बर्नर बदलेपर्यंत काम बंद राहील का?" मागून एका कामगाराने विचारलं. शेठनी हात वर करून त्याला शांत केलं. ते मुळीच चिडले नव्हते.

"चंद्रहास बोलले ते शंभर टक्के खरं आहे," ते म्हणाले. "दुसऱ्या कुठल्या कंपनीत माणूस मालकासमोर असं बोलतो, सांगा. आमच्याकडे लपवाछपवी नाही." टाळ्या पडल्या. कामगारांनीही वाजवल्या, शेजाऱ्यांनीही.

दिपिका जवळ आली. "सर, कमाल बोललात. परत एकदा म्हणाल? मध्ये मागून डंपर गेला."

चंद्रहास परत एकदा बोलला. काकी तोवर घरात गेली होती.

त्या आठवड्यात त्याने हिशेब तपासणाऱ्या संस्थेला पत्र पाठवलं. भट्टीवर कारखान्याचेच कामगार आहेत, तेल कारखानाच भरतो, ती कधी पेटवायची हे प्लासिड ठरवतो आणि मालक तिची पूजा आपलं यंत्र म्हणून करतात. तेव्हा ताबा कुणाचा आहे, हे कृपया पाहावं. उत्तर सभ्य आणि सविस्तर आलं. पूजा हा ताब्याचा पुरावा होऊ शकत नाही. कामगार आणि तेल यांबाबत दोन कंपन्यांमध्ये सेवाकरार झाला असल्याचं व्यवस्थापनाने कळवलं असून त्याची प्रतही जोडली आहे. मात्र बाहेरच्या उत्सर्जनाची माहिती कंपनीने आपणहून जाहीर केली, ही बाब स्तुत्य आहे आणि अहवालात तिची तळटीप द्यावी.

तळटीप दिली गेली. वाक्य चंद्रहासचंच होतं, शब्दही बदलला नव्हता. त्या तळटिपेमुळे पारदर्शकतेच्या रकान्यात कारखान्याला वरची श्रेणी मिळाली, आणि जर्मन ग्राहकाने दिपिकाची फिल्म आपल्या इतर पुरवठादारांना नमुना म्हणून पाठवली. तिच्यात चंद्रहास हार घातलेल्या भट्टीसमोर उभा राहून धूर वाढला आहे असं सांगतो आणि खाली संथ संगीत वाजतं. बर्नरबद्दल ग्राहकाने खेद कळवला. भट्टी वर्तुळाबाहेर होती.

दिवाळीनंतर शेठनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"भट्टी गेल्यावर आता सगळ्यात मोठा आकडा कुठला?"

न सांगण्याने काही साधणार नव्हतं. तक्ता टेबलावरच होता आणि शेठना तक्ता वाचता येत होता.

"जस्त चढवण्याचा विभाग," तो म्हणाला. "वीज तिथेच जास्त जाते. पण शेठ, तो हलवायचा नसतो. त्याची यंत्रं बदलायची असतात."

"बदलू की. नव्या जागेत नवी यंत्रं." त्यांनी फोन लावला आणि टेबलावर ठेवला. "रामनाथशेठ, शेडच्या बाजूचा तो चाफा आहे, ती जागा देता का?"

"ती व्हय?" रामनाथचा आवाज आला. "घ्या ना. फुलं आता जातच नाय. झाडं मी काढून देतो."

"काका," चंद्रहास फोनवर वाकून म्हणाला, "मी बोलतोय. आधी ऐका. यात धूर नाही, पण पाणी आहे. आम्ल, जस्त, क्रोमियम. ते नीट साफ केलं नाही तर खालच्या नाल्यात जाईल, आणि नाल्यातून तुमच्या विहिरीत. साफ करण्याचं यंत्र महाग असतं आणि ते चालवायचा खर्च रोजचा असतो. ते बंद ठेवलं तर कुणाला दिसतही नाही. हे सगळं समजून मग हो म्हणा."

रामनाथनी प्रत्येक शब्द ऐकला होता, यात शंका नव्हती.

"बरं झालं सांगितलंस," ते म्हणाले. "कोन सांगतं एवढं? तू हायस ना तिथं, म्हनून मला भ्या नाय. शेठ, कागद करून टाका."