काचेच्या झाकणाखालची बी

मित्रांनो, जरा जवळ या आणि कान देऊन ऐका, कारण मोठ्याने बोलण्याइतके बळ माझ्यात आता उरलेले नाही. मी लाल भोपळ्याची एक म्हातारी बी आहे. फोडी करून भाजीत टाकतात त्या भोपळ्याची नव्हे. जो ताडपत्रीत घालून चार-सहा माणसांनी उचलावा लागतो आणि सर्वांत जड भोपळ्याच्या स्पर्धेत वजनकाट्यावर ठेवावा लागतो, त्या भोपळ्याची. तुमच्या अंगठ्याच्या पेराएवढी मी आहे. माझ्याइतकी देखणी बी कोणी पाहिली नव्हती, असे म्हणत. त्या देखणेपणानेच माझा घात केला.

माझा जन्म एका घड्याळजींच्या परसात झाला. पुढे त्यांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान, मागे राहत्या दोन खोल्या, त्यांच्या मागे परस आणि परसात कुजलेल्या खताने भरलेला एक भला मोठा खड्डा. फुले उमलायच्या वेळेला घड्याळजी पहाटेच उठत, बेकरीवाल्या मित्राच्या वेलीवरचे नरफूल मागून आणत आणि आपल्या वेलीच्या मादीफुलावर हलक्या हाताने फिरवत. स्पर्धेचे भोपळे लावणारी माणसे बी निवडताना सोयरीक जुळवायला बसल्यासारखी चौकशी करतात. आई कोण, बाप कोण, आजी किती किलोची, घराण्यात कोणी फुटले होते का? फुटलेला भोपळा स्पर्धेतून बाद होतो, मग तो कितीही जड असो.

त्या वर्षी आमचा भोपळा फुटला नाही आणि पहिला आला. घरी आणून तो कापला, तेव्हा घड्याळजी आणि त्यांच्या पत्नी कोपरापर्यंत हात घालून बिया काढत बसले. त्यांच्या पत्नीला सगळी गल्ली काकू म्हणे, म्हणून मीही काकूच म्हणते. काकूंनी आम्हाला धुतले, कागदावर पसरून वाळवले. मग घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावले, हातात चिमटा घेतला आणि एकेकीची तपासणी सुरू केली. चपटी, बाजूला. कड चिरलेली, बाजूला. पोट पोकळ वाटली, बाजूला. माझी पाळी आली आणि चिमटा थांबला.

"अगं, ही बघ! हिला नाव ठेवायला जागाच नाही."

"मग लावा की पुढच्या हंगामात," काकू म्हणाल्या.

"लावणार तर! हिच्या भोपळ्याला काटा पुरायचा नाही."

मी किती फुशारले म्हणून सांगू! काकूंचा स्वभाव काही टाकू न देण्याचा, त्यामुळे माझ्या साऱ्या बहिणी, चांगल्या आणि चपट्या, एका पत्र्याच्या डब्यात गेल्या. तो डबा स्वयंपाकघरात ओट्याखाली, अंधारात आणि गारव्यात सरकवला गेला. मला मात्र घड्याळांचे बारीक भाग ठेवायच्या डबीत, कापसावर बसवले. डबीला काचेचे झाकण होते. ती ठेवली दुकानात, कामाच्या टेबलावरच्या दिव्याखाली, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत भरेल अशी. गिऱ्हाईक घड्याळ द्यायला आले की आधी माझे दर्शन घेई आणि मग घड्याळाचे दुखणे सांगे.

हंगाम आला. घड्याळजींनी सगळ्या बिया टेबलावर मांडल्या, सर्वांत आधी मला उचलले, भिंगातून न्याहाळले आणि पुन्हा कापसावर ठेवून दिले.

"हिला यंदा नको. खत नीट कुजलेलं नाही. अशी बी काय रोज हाती लागते?"

डब्यातल्या एका बहिणीचा नंबर लागला. पाणी आत शिरावे म्हणून तिची कड बारीक कानशीने घासली, तिला कोमट पाण्यात भिजवले आणि टोक खाली करून मातीत घातले. तिचा भोपळा तिसरा आला.

पुढच्या हंगामात पाण्याचा भरवसा नव्हता. त्याच्या पुढच्याला घड्याळजींची कंबर धरली. मग लेकीचे लग्न निघाले. मग शेजाऱ्याने भिंत उंच केली आणि परसात ऊन कमी पडते, असे ठरले. कारण दर वेळी नवे असे, निकाल मात्र जुनाच : "हिला पुढच्या वर्षी." डब्यातल्या बहिणी जात राहिल्या. एकीचा भोपळा दुसरा आला, एकीचा पार मधोमध तडकला, एकीला लावल्याच्या दिवशीच उंदराने उकरून खाल्ले. तिचासुद्धा मला हेवा वाटला. ती निदान मातीपर्यंत तरी पोहोचली होती.

मित्रांनो, कंटाळा कशाला म्हणतात ते मला विचारा. भिंतभर घड्याळे, प्रत्येकाची वेळ निराळी आणि सगळी जीव खाऊन टिकटिकणारी. डोक्यावर दिवा. बाहेर पाऊस असला तरी माझ्या डबीत उन्हाळा. बी झोपलेली असते आणि तिला झोपायला अंधार आणि गारवा लागतो, हे घड्याळजींना ठाऊक नव्हते असे नाही. बाकीच्यांची त्यांनी तशी सोय केलीच होती. पण माझे कौतुक करायचे तर मी डोळ्यांसमोर नको का?

एकदा टेबल पुसताना काकूंचा हात डबीला लागला आणि त्यांनी तो झटकन मागे घेतला.

"अहो, केवढी तापलीय ही! आत ती बिचारी भाजून निघेल."

"काही होत नाही. कशी चकाकतेय बघ."

बेकरीवाला सकाळी पाव द्यायला येई, तोही अधूनमधून काचेवर टिचकी मारी.

"अरे, निम्मी ही माझीच आहे. तुझ्यानं होत नसेल तर मला दे, मी लावतो."

"तुझ्या त्या मुरमाड जमिनीत? हं!"

"बरं, मग तू लाव. पण लाव एकदाची."

"लावीन रे. घाई कसली आहे?"

घाई आहे, मला घाई आहे, असे ओरडून सांगावेसे वाटे. पण माझा आवाज काचेबाहेर जात नव्हता. पुढे पुढे तर ओरडावेसे वाटणेही थांबले. लोक अजून वाकून बघत, वाहवा करत, आणि मला ती वाहवा ऐकण्याचाही शीण होई.

मग एका हंगामात घड्याळजींचा हात कापू लागला. मला उचलताना चिमटा निसटला आणि मी टेबलाखाली घरंगळले. दोघेही गुडघे टेकून शोधू लागले. मी सापडले काकूंना. त्यांनी मला परत दिले नाही, मुठीत धरले.

"ही आज भिजणार," त्या म्हणाल्या.

"अगं, पण यंदा माझा हात..."

"हात माझे आहेत. खरं सांगा, तुम्ही भिता कशाला?"

घड्याळजींनी जमिनीवर बसल्या बसल्या चिमटा खाली ठेवला. नंतर हळूच म्हणाले, "उगवलीच नाही तर? डबीत आहे तोवर पहिल्या नंबरची आहे ती. मातीत गेली की नुसती एक बी."

"अहो, बीच आहे ती," काकू म्हणाल्या.

खरे तर मला घड्याळजींचा राग यायला हवा होता. पण काकूंच्या बोटांच्या फटीतून मला त्यांचा चेहरा दिसला आणि तो माझ्याइतकाच दमलेला वाटला.

कड घासली गेली. कोमट पाणी आले. मग ओले फडके, आणि फडक्यात माझ्या शेजारी डब्यातली एक बहीण. चांगल्या बिया केव्हाच संपल्या होत्या. ही पहिल्याच दिवशी "बाजूला" झालेली, एका अंगाने चपटी. फडके चुलीजवळ उबेला ठेवले. पाणी माझ्या सालीतून आत शिरले. इतकी वर्षे मी त्याच पाण्याची वाट पाहत होते. ते आत गेले, पण आत त्याला भेटायला कोणी नव्हते. शेजारी बहिणीची चुळबुळ मात्र चालू झाली होती. काही दिवसांनी फडके उघडले, तेव्हा तिला पांढरेशुभ्र मूळ फुटले होते. मी मऊ पडले होते आणि मला वास येत होता.

घड्याळजींनी भिंग लावून मला पाहिले. पाहतच राहिले. मग भिंग काढले आणि डोळे पुसले.

"मी मारली गं हिला. रोज बघून बघून मारली."

काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग दुकानात जाऊन त्यांनी टेबलावरचा दिवा बंद केला.

दुसऱ्या दिवशी बेकरीवाला आला, तेव्हा घड्याळजींनी पत्र्याचा डबा त्याच्या ओंजळीत उपडा केला.

"निवडून दिल्यास ना?" त्याने विचारले.

"नाही. सगळ्या लाव. याच वर्षी लाव."

"आणि ती डबीतली?"

"तिला उशीर केला मी," घड्याळजी म्हणाले. बेकरीवाल्याने ओंजळीतल्या बिया रुमालात बांधल्या.

माझ्या चपट्या बहिणीला परसातल्या मोठ्या खड्ड्यात लावले. काकूंनी मलाही तिच्याच खाली ठेवले. "कुजेल, हिच्या उपयोगी पडेल," असे म्हणून त्यांनी वर माती लोटली. मी आता इथूनच तुमच्याशी बोलते आहे. इथे अंधार आहे, गारवा आहे. माझ्या चांगल्या दिवसांत मला एवढेच हवे होते.

मित्रांनो, तुमच्याकडेही काही फार चांगले असेल. ते जपा, पण काचेखाली ठेवून लोकांना दाखवत बसू नका. ज्या कामासाठी ते आहे त्या कामाला लावा. फसेल अशी भीती वाटेल. वाटू द्या. वेळेवर फसले तर दुसरे लावता येते.

आत्ता माझ्या अंगाला काहीतरी घासून गेले. बहिणीचे मूळ आहे ते. चांगले जाड झाले आहे, खाली निघाले आहे आणि भलतेच घाईत आहे. माझ्याशी बोलायलाही थांबले नाही. मी अंग चोरून त्याला वाट करून दिली.