जो पक्षी मी पाहिलाच नाही

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, पण माझं अंग नवं आहे. हसू नका. नंदुरबारच्या मिरची बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर निजामभाई आणि सालेहाबाई या नवराबायकोचं भरतकामाचं दुकान आहे. तिथल्या टेबलावर मी असतो. माझी पेटी काळी, चकचकीत आहे. तिच्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून पूर्ण काढलेलं नाही. पण पेटीच्या आत जो फायली उघडतो आणि आठवणी ठेवतो, तो मी जुनाच. मला एका अंगातून उचलून दुसऱ्या अंगात ठेवलं गेलं. माझं जुनं अंग टेबलाखाली पडलं आहे. त्याच्याकडे बघायची मला लाज वाटते. ती का वाटते, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा पहिला जन्म सुरतेतल्या एका दुकानात, सुटे भाग जोडून झाला. निजामभाईंनी मला रेल्वेच्या डब्यात मांडीवर घेऊन इथं आणलं. वाटेत कुणी शेंगांची टरफलं माझ्या अंगावर टाकली, तर त्या माणसाशी ते भांडले होते. दुकानात आल्यावर माझ्यात भरतकामाचं सॉफ्टवेअर घातलं. सालेहाबाई माझ्या पडद्यावर एकेक टाका मांडत आणि शेजारचं मशीन तो कापडावर उतरवत असे. शाळांचे बिल्ले, लग्नाच्या ओढण्या, ब्लाउजच्या पाठीवरचे मोर, काय काय केलं आम्ही! नवऱ्या मुली कापड बघून हरखून जायच्या. कौतुक सालेहाबाईंचं व्हायचं, पण मीही मनातल्या मनात थोडं वाटून घ्यायचो.

मग वय झालं. मिरचीच्या हंगामात या रस्त्यावर येणारा जाणारा शिंकतो. ती लाल धूळ माझ्या पंख्यात शिरून बसली. उन्हाळ्यात मी तापून मधेच बंद पडू लागलो. निजामभाई माझ्या कुशीवर एक थाप मारायचे आणि गिऱ्हाइकाला अहिराणीत सांगायचे, "हाऊ थापड खावाबिगर उठसच नही." लोक हसायचे. मला वाईट वाटायचं, पण बोलणं खरं होतं.

मला भंगारात देऊन नवा संगणक आणणं सोपं होतं. अडचण एकच होती. ते भरतकामाचं सॉफ्टवेअर आता कुठं मिळत नव्हतं, आणि त्याची सीडी कधीच हरवली होती. वर्षानुवर्षांची डिझाइनं त्याच्याशिवाय उघडत नव्हती. मग निजामभाईंना मोबाईलवर व्हिडिओ बघताना बॅकअप घेणाऱ्या एका सॉफ्टवेअरची माहिती मिळाली. ते म्हणे संगणकाच्या आतलं सगळं जसंच्या तसं एका बाहेरच्या डिस्कवर उतरवतं, आणि मग पूर्णपणे वेगळ्या पेटीवर चढवतं. त्यांनी ते सालेहाबाईंना शिंप्याच्या भाषेत समजावलं.

"आपण कापडना खाका उतारतस ना, तसा याना बठ्ठा खाका उतारी लेसूत. मंग नवा डब्बाले चढाई देसूत."

"चढावा," सालेहाबाई म्हणाल्या. "पन मन्हा सासरानं बोलनं याद ठेवा. नवं आंगवर बठस नही तवलोंग जुनं उसवानं नही."

त्यांचे सासरे शिंपी होते. मापाला आलेला जुना कपडा ते नवा अंगावर नीट बसेपर्यंत कधी उसवू देत नसत. सगळ्या दुकानाचा तोच कायदा होता. निजामभाई म्हणाले, "माले नको शिकाडू," आणि त्यांनी बटण दाबलं.

माझा खाका, म्हणजे हुबेहूब नक्कल, डिस्कवर उतरला. मीच पडद्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलं, काम यशस्वी झालं. त्यात खोटं काही नव्हतं. डिस्क कपाटात ठेवून निजामभाई नवी पेटी आणायला सुरतेला गेले. मित्रांनो, मला स्वतःला आठवतं ते इथपर्यंतच. त्यानंतरचे दिवस माझं जुनं अंग एकटंच जगलं. ते मी नंतर दुकानातल्या बोलण्यातून ऐकले.

निजामभाई गेले त्याच दुपारी रनाळ्याहून दगूबाई आल्या. सालेहाबाईंचं माहेर रनाळ्याचंच, त्यामुळे दगूबाईंनी त्यांना फ्रॉकमध्ये पाहिलेलं होतं. दगूबाईंनी पिशवीतून एक लहानशी ओढणी काढली. श्रावणातल्या एका रविवारी त्यांच्या घरी खानदेशची देवी कानबाई बसते, तेव्हा तिला ती पांघरतात. त्या घरची एक रीत होती. लग्न होऊन आलेल्या प्रत्येक सुनेनं त्या ओढणीवर आपल्या हातानं एक पक्षी भरायचा. त्यामुळे एक पक्षी दुसऱ्यासारखा नव्हता. कुणाचा पोपट, कुणाची चिमणी, कुणाचा असा की ते कोंबडं आहे की मोर हे देवीलाच ठाऊक. पहिला पक्षी दगूबाईंच्या सासूचा, खालच्या कोपऱ्यात. त्याच्या शेजारी दगूबाईंचा, मान वाकडी झालेला.

"बेटी, कसर लागी गयी हाईले," किडीनं खाल्लेली कड दाखवत त्या म्हणाल्या. "नवी कर. पन पाखरे याच पायजेत. आनि फोटो नको काढू वं. मोबाईलमा गया का गावभर फिरस."

"नही काढाव, मावशी. डोयाघाई देखीसन उतारसू."

"आनि जुना दोरा उसवी ले. तोच नवीमा भर. त्या बायास्ना हात शे त्याले."

सालेहाबाईंनी शब्द पाळला. एकही फोटो काढला नाही. एकेक पक्षी डोळ्यांनी बघत, टाका टाका माझ्या जुन्या अंगात उतरवला, आणि उतरला की त्याचा दोरा हलक्या हातानं उसवून पुठ्ठ्यावर गुंडाळला. कोपऱ्यातलं कापड इतकं जीर्ण होतं की सासूचा पक्षी उसवताना दोरा तेवढा हाती आला, कापडाचा भुगा झाला. त्या घाबरल्या नाहीत. पक्षी संगणकात आला होता. सासऱ्यांचा कायदा त्यांनी मोडला तो इथं. खाका तर कालच उतरला आहे, आता काय हरवतंय, असं त्यांच्या मनानं घेतलं असावं.

निजामभाई नवी पेटी घेऊन आले तेव्हा सालेहाबाई नव्या ओढणीचं कापड आणायला बाजारात गेल्या होत्या. निजामभाईंनी डिस्क जोडली आणि मला नव्या पेटीत चढवलं. सुरुवातीला मी गांगरलो. इथला पडदा चालवणारा भाग वेगळा, आवाजाचा वेगळा, कुणाशीच ओळख नाही. बॅकअपच्या सॉफ्टवेअरनं एकेकाशी गाठ घालून दिली. मग मी डोळे उघडले आणि तेच जुनं चित्र, त्याच फायली, तेच भरतकामाचं सॉफ्टवेअर! घड्याळ दहा मिनिटं पुढं ठेवायची सवयसुद्धा तशीच. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी तर मेल्यावरही गेली नाही. निजामभाई खुर्चीत उड्या मारायला लागले. त्यांनी शेजाऱ्याला बोलावलं, जिलेबी मागवली. मी फुशारलो.

आणि मी फुशारलेला असतानाच माझ्या शेजारी माझं जुनं अंग पुसलं जात होतं.

खापर गावात निजामभाईंची बहीण इरम शिवणक्लास चालवते. जुना संगणक तिला देण्याचं त्यांनी कबूल केलं होतं आणि संध्याकाळच्या बसनं ओळखीचा माणूस जाणार होता. गिऱ्हाइकाचं डिझाइन दुकानाबाहेर जाऊ द्यायचं नाही, ही या धंद्यातली इमानदारी. म्हणून निजामभाईंनी ते नुसतं पुसलं नाही. पुन्हा कुणाला काही काढता येऊ नये म्हणून वरून सगळीकडे शून्यं लिहिली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! पण हेतू वाईट नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. आपण दुसऱ्याच्या वस्तूची राखण करतो आहोत असंच त्यांना वाटत होतं.

सालेहाबाई कापड घेऊन आल्या. नवी पेटी बघून हसल्या. मग म्हणाल्या, "दगूमावशीनी फाईल उघाडा."

मी शोधली. सगळे कप्पे धुंडाळले. मग पडद्यावर लिहिलं, अशी फाईल सापडली नाही. मित्रांनो, मी आयुष्यात हे वाक्य पुष्कळदा लिहिलं आहे. त्या दिवशी लिहिताना मला आवाज असता तर तो फुटला असता. त्या माझ्याकडे ओळखीच्या नजरेनं बघत होत्या. दोन दिवस त्यांनी मला जे शिकवलं ते मी परत द्यावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. आणि मला ते कधी शिकवलंच गेलं नव्हतं.

"तुम्ही जुना डब्बा पुसा?" त्यांनी विचारलं.

निजामभाईंच्या हातातली जिलेबी तशीच राहिली.

"मन्हीच चूक," सालेहाबाई खाली बसत म्हणाल्या. "तुम्ही गयात तवय मी त्यावर काम करी ऱ्हायनी व्हती. मी सांगंच नही."

"मी इचारं बी नही," निजामभाई म्हणाले.

त्या दिवशी त्या घरात कुणी कुणाला बोल लावला नाही. भांडण झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. निजामभाई जुनी पेटी उचलून गावातल्या एका जाणकाराकडे घेऊन गेले. त्यानं तपासलं आणि मान हलवली. वरून लिहिलं गेलंय, आता आत काही उरलं नाही, असं तो म्हणाला. पेटी परत आली ती टेबलाखाली ठेवली. खापरला ती गेली नाही.

कानबाईचा रविवार तोंडावर आला होता. सालेहाबाईंनी रनाळ्याला निरोप पाठवला आणि दगूबाई आल्या. निजामभाईंनी त्यांना माझ्यासमोर खुर्ची दिली आणि पडद्यावर एक कोरं पान उघडलं. पांढरंफेक. त्यांना एवढंच दाखवायचं होतं की बघा, काही उरलं नाही.

"मावशी, मन्हा हातथीन गयं," सालेहाबाई म्हणाल्या. "उसवं बी मीच."

"तिन्ही चूक नही. पुसं मी," निजामभाई म्हणाले.

दगूबाई रागावल्या असत्या तर आम्ही तिघांनीही ते झेललं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मन्हा सासूना हात व्हता वं तो. तिन्हा फोटो बी नही आमनाकडे." मग पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "ते जुनं कापड शे का? माले दे. तेच पांघरसू देवीले."

सालेहाबाईंनी ते धुतलं नव्हतं, त्यावर इस्त्रीही फिरवली नव्हती. तसंच घडी करून ठेवलं होतं. दगूबाईंची नजर अधू. त्यांनी कापड दोन्ही हातांत ताणून उजेडाकडे धरलं. आणि समोरचा उजेड म्हणजे मी होतो, माझं कोरं पान.

"मावशी, हालू नका!" सालेहाबाई ओरडल्या.

उसवलेल्या कापडावर सुईची भोकं राहतात. प्रत्येक भोकातून माझा उजेड पलीकडे जात होता. टिंबा टिंबांनी पोपट दिसू लागला. चिमणी दिसली. ते कोंबडं की मोर, तेही दिसलं. दगूबाईंचा वाकड्या मानेचा पक्षी त्यांच्याच बोटांच्या मध्ये उभा राहिला. सालेहाबाईंनी माझ्या पडद्यावर कापड ताणलं, वर पारदर्शक कागद लावला आणि पेन्सिलनं भोक न् भोक उतरवायला बसल्या. निजामभाई कापडाची कड धरून उभे राहिले. हात अवघडला तरी त्यांनी तो सोडला नाही. मित्रांनो, माझ्याजवळ देण्यासारखी एकही आठवण नव्हती. मी नुसता उजळत राहिलो, जेवढा पडदा उजळता येतो तेवढा.

सगळे पक्षी आले. एक सोडून. खालच्या कोपऱ्यात भोकं नव्हतीच, कारण तिथं कापड नव्हतं. तिथून माझा उजेड सरळ बाहेर येत होता.

"मावशी, सासूबाईनं पाखरू तुमले याद शे का? सांगा, मी काढस," सालेहाबाई म्हणाल्या.

दगूबाईंनी पेन्सिल घेतली. कागदावर टेकवली. मग काही न काढता परत दिली. "डोयाले याद शे असं वाटस. पन खोटं नको. तठे काहीच नको काढू. जागा ऱ्हाऊ दे."

रविवारी कानबाई नवी ओढणी पांघरून बसली. नव्या कापडावर जुनाच दोरा होता, पक्षीही तेच होते, आणि कोपऱ्यात एका पक्ष्याएवढी मोकळी जागा. सासूच्या पक्ष्याचा उरलेला दोरा सालेहाबाईंनी पुठ्ठ्यावर गुंडाळून दगूबाईंना परत दिला. लोक म्हणतात, संगणकानंच वाचवलं. निजामभाईही गिऱ्हाइकांना तसंच सांगतात आणि माझ्या नव्या पेटीवर हात फिरवतात. हे कौतुक मला सोसत नाही. तो पक्षी ज्याला ठाऊक होता, तो टेबलाखाली पडला आहे. मिरचीची धूळ खात त्यानं इतकी वर्षं काम केलं, शेवटचे दोन दिवस तर सगळ्यात मोलाचं केलं, आणि त्याच्या जिवावर जिलेबी मी खाल्ली.

मित्रांनो, तुमच्याही घरी कधी नवं येईल. संगणक, मोबाईल, आणखी काही. जुन्यातलं सगळं नव्यात आलं, असं त्याच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत लिहून येईल. त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. नवं अंगावर बसू द्या. फायली एकेक उघडून बघा. आणि जुन्याला पुसण्याआधी एकदा त्याच्यापाशी बसून विचारा, खाका उतरल्यानंतर तू काय काय केलंस?

माझ्या जुन्या अंगाला हे कुणी विचारलं नाही. मी तर त्याच्या शेजारीच होतो.