मेहुण्याची खळ

ओट्सच्या चौपट पाणी घालायचं, आच मंदच ठेवायची आणि सकाळपर्यंत झाकण उघडायचं नाही, असं मेहुण्यानं बजावलं, तेव्हा हसावं की त्याला एक ठेवून द्यावी, हे बॉयलरवाल्याला कळेना. चौतीस वर्षं त्यानं इस्पितळाच्या धुलाईघरात बॉयलर सांभाळला होता. नुसत्या आवाजावरून तो वाफेचा दाब ओळखायचा. आणि जन्मभर वाचनालयात पुस्तकांवर शिक्के मारलेला हा इसम त्याला पाणी आणि आच शिकवत होता! तेही बॅग दारात ठेवून.

अठ्ठावन्नाव्या वर्षी मेहुणा लग्न करून निघाला होता. बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर बसणारी. या बावळटात तिनं काय पाहिलं, देव जाणे, असं बॉयलरवाला बागेतल्या बाकावर चारचौघांना सांगत असे. सहा वर्षांपूर्वी त्याची स्वतःची बायको गेली आणि तिचा हा धाकटा भाऊ तेवढा मागच्या खोलीत उरला, ही त्याची जुनी तक्रार होती.

गेले दोन हिवाळे मेहुण्याचा एकच उद्योग. संध्याकाळी वाटीनं मोजून ओट्स घ्यायचे, सफरचंद बारीक चिरायचं, मनुका टाकायच्या, स्लो कुकर लावायचा आणि बाळ निजवल्यासारखा झाकणावर हात ठेवून उभं राहायचं. सकाळी बॉयलरवाल्यापुढे वाफाळता वाडगा यायचा.

"ही खळ आम्ही डॉक्टरांच्या कोटांना लावायचो," तो रोज म्हणे, आणि वाडगा चाटूनपुसून साफ करी. मेहुणा समोर बसून चहाबरोबर कडक टोस्ट कुरकुर चावत पेपर वाचायचा. आपल्याला खळ आणि स्वतःला टोस्ट, हा निव्वळ आगाऊपणा आहे, असं बॉयलरवाल्याचं ठाम मत होतं.

मेहुणा निघून गेल्यावर आठवडाभर त्यानं चहात पाव बुडवून खाल्ला. मग एका संध्याकाळी कुकर पुढे ओढला. पाणी अंदाजानं ओतलं आणि आच मोठी केली, कारण मंद आच मंद माणसांसाठी. सकाळी कडा करपून काळ्या, मधे गोळा. दुसऱ्या दिवशी नुसतं पाणी. तिसऱ्या सकाळी पुन्हा करपलं, तेव्हा त्यानं फोन लावला. भांडंच बिघडलेलं गळ्यात मारलंस, असं सुनावायचं होतं.

फोन मेहुण्याच्या बायकोनं उचलला. हे आंघोळीला गेलेत, म्हणाली. मग बॉयलरवाल्यानं तिलाच विचारलं, की तुम्हालाही रोज सकाळी ती खळ गिळावी लागते का.

"नाही हो, भाऊजी. ह्यांना ओट्स मुळीच चालत नाहीत. वासानंच मळमळतं."

"मग माझ्याकडे रोज कशाला शिजवायचा?"

ती म्हणाली, "तुमचे दात काढले ना, तेव्हा दुकानात विचारायला आले होते. चावता येत नसलेल्या माणसाला थंडीत सकाळी गरम काय द्यावं म्हणून. तशीच तर आमची ओळख झाली. तुम्हाला सांगू नको म्हणाले होते, तुम्हाला लाज वाटेल म्हणून."

"माहीत होतं मला," बॉयलरवाला म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

दोन हिवाळे! दोन हिवाळे नाक दाबून शिजवत राहिला आणि तोंडातून एक शब्द काढता आला नाही त्या शिक्केवाल्याला. चांगलं खडसावायला हवं होतं. पण खडसावणार कुणाला?

त्यानं करपलेला भाग बाजूला सारून मधला मऊ भाग वाडग्यात काढला. समोरच्या खुर्चीवर दहा-बारा दिवसांच्या पेपरांचा ढीग साचला होता. तो त्यानं उचलून खाली ठेवला, खुर्ची तळहातानं पुसली आणि मग आपल्या जागेवर बसून खायला सुरुवात केली.