गालातला खांब

रोसेंदोने रोस्काच्या तुकड्यात दात रोवले आणि तो जागच्या जागी गार पडला. पावाच्या लुसलुशीत पोटात काहीतरी टणक होतं. त्याने जिभेने चाचपलं. दोन जाडे पाय, एक ढेरी, वर उगारलेला हात आणि हातात कंदील.

खांब! दुसरा कोण असणार?

सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, इतर घरांत रोस्का हा गोड पाव कापतात तेव्हा आत बाळाची बाहुली असते. ती ज्याच्या वाट्याला येईल त्याने दोन फेब्रुवारीला सगळ्यांना मक्याच्या पिठाचे वाफवलेले तमाले खाऊ घालायचे. दोन्या हासिंताच्या रंगाच्या दुकानामागच्या खोलीत मात्र बाळ बिचारं कधीच बेदखल झालं होतं. दर रविवारी इथे चौघं जमायची आणि प्लायवूडवर उभारलेल्या पुठ्ठ्याच्या गावात बोटभर उंचीचे महावीर लढवायची. तीन वर्षांपूर्वी नवीन महावीरांचा डबा नेमका सणालाच आला. कोणी कोणता घ्यायचा यावरून इतकी जुंपली की दोन्या हासिंताने चारही महावीर उचलून भाजलेल्या रोस्काच्या पोटात खालून खुपसलं आणि म्हणाली, "आता देव देईल तो घ्या!" तेव्हापासून दर सणाला नवे चार महावीर आणि तोच कायदा. ज्याच्या तुकड्यात जो निघेल, त्याने तो पुढच्या सणापर्यंत खेळायचा. मध्ये बदलायचा नाही, रडायचं नाही. आणि चौघांतला जो सगळ्यात टाकाऊ, त्याच्या धन्याने वर तमाले द्यायचे.

यंदाचा टाकाऊ ठरवायला वाद घालावाच लागला नव्हता. खांबाची शक्ती एकच: जिथे ठेवला तिथून त्याला कोणी हलवू शकत नाही. आणि तोही हलू शकत नाही. म्हणजे वर्षभर दर रविवारी यायचं, हा बाबा एका जागी ठेवायचा, आणि संध्याकाळपर्यंत दुसऱ्यांचे खेळ बघत बसायचं.

रोसेंदोने नजर टेबलावर ठेवली आणि जिभेने खांबाला हळूच डाव्या गालात सरकवलं. यात पाप वगैरे काही नव्हतं. बाळाची बाहुली गालात दडवणं हा पुएब्लात पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. त्याच्या आजोबांनी तर एकदा गिळली होती. पाव चावल्यासारखं करायचं, गरम चॉकलेटचा घोट घ्यायचा, आणि सगळ्यांचं लक्ष दुसरीकडे गेलं की खिशात.

त्याने घोट घेतला, तोंड रुमालाने पुसायचं निमित्त केलं, आणि खांबाला ओठांकडे ढकललं.

खांब हलला नाही.

रोसेंदो पेशाने दातांचा कारागीर. अर्ध्या शहराच्या कवळ्या त्याच्या हातच्या. त्याच्या स्वतःच्या तोंडातही वरच्या बाजूला दोन दात त्याचेच होते, म्हणजे त्यानेच बनवलेले, गुलाबी पट्टीवर बसवून तारेच्या कडीने अडकवलेले. ही गोष्ट जगात कोणालाही माहीत नव्हती, आणि निएवेसला कळण्यापेक्षा त्याला ज्वालामुखीत उडी मारणं परवडलं असतं. त्या तारेच्या कडीत आता खांबाचा कंदील अडकला होता. खांबाला ओढलं की दात डुगडुगत होते.

"माझ्यात सुसाट!" निएवेस ओरडली आणि तिने तुकड्यातून पंखांचे बूट घातलेली एक सडपातळ महावीरीण उपटली. बोटाला लागलेली साखर चाटली. "बघितलंस रोसेंदो? यंदा मला कोणी पकडू शकत नाही."

रोसेंदो गाल सांभाळत हसला. म्हणजे ओठ मिटूनच.

वकीलसाहेब उबाल्दोंना आरसेवाला मिळाला होता, दोन्या हासिंताला ज्वालामाई. "राहिला कोण?" उबाल्दोंनी चष्मा सारखा केला. "खांब. रोसेंदो, तुझ्या तुकड्यात?"

रोसेंदोने रिकामी बशी पुढे केली.

"मग उरलेल्यात असेल," म्हणत दोन्या हासिंताने सुरी घेतली आणि उरलेला अर्धा रोस्का कापायला बसली. एक काप. पोटात बोट घालून बघितलं. नाही. दुसरा काप. नाही. प्रत्येक कापागणिक रोसेंदोला वाटत होतं की आपणच कापले जातोय.

"लवकर शोधा हो," निएवेस म्हणाली. ती सुसाटच्या बुटातला पाव टाचणीने काढत होती. "माझा हा इथला शेवटचा रोस्का असेल कदाचित."

सुरी थांबली.

"म्हणजे?" दोन्या हासिंताने विचारलं.

"तिहुआनाची बहीण बोलावतेय. तिचा दवाखाना आहे ना, कुत्र्यामांजरांचा. तिला दुसरी डॉक्टर हवीय. मला आज संध्याकाळपर्यंत हो की नाही सांगायचंय."

"अगं बाई! तिहुआना! तिथून का रविवारी यायला जमणार आहे?"

"म्हणून तर शेवटचा म्हटलं."

"अभिनंदन," उबाल्दो म्हणाले, आणि लगेच, "पण चालू मोसमात खेळाडू गेला तर त्याचा महावीर कोणाकडे जातो, याचा नियम आपण केलेला नाही."

"वकीलसाहेब, मेलात ना, तर स्वर्गाच्या दारात आधी नियम मागाल," दोन्या हासिंता म्हणाली, आणि डोळ्यांना पदर लावावा तसा स्वयंपाकाचा एप्रन लावला.

निएवेस रोसेंदोकडे बघत होती.

आता हे सांगायलाच हवं की रोसेंदो आज बोलणार होता. दोन वर्षं तो निएवेसचे महावीर स्वतःच्या आधी रंगवून देत होता, तेही दातांच्या ब्रशने, भुवयांसकट. आज खेळ संपला की तिला बसपर्यंत सोडायचं आणि वाटेत बोलायचं, असं त्याचं ठरलं होतं. आठवडाभर त्याने कारखान्यात मांडलेल्या कवळ्यांच्या रांगेसमोर तालीम केली होती. कवळ्या सगळ्या हसत होत्या, पण तो त्यांचा स्वभावच.

"तू काही बोलत नाहीस?" निएवेसने विचारलं.

"अंहं," रोसेंदो म्हणाला.

"अंहं म्हणजे जाऊ नको, की अंहं म्हणजे मला काय करायचंय?"

रोसेंदोने मान हलवली. आधी आडवी. मग ती नेमक्या कोणत्या प्रश्नाला आडवी हलली हे लक्षात येऊन उभी. मग घाबरून पुन्हा आडवी.

"बरं," निएवेस म्हणाली, आणि बुटातला पाव काढायला लागली. टाचणी जरा जोरात चालत होती.

दोन्या हासिंताने शेवटचा काप उघडला. चुरा, खारकेचा तुकडा, बस. "मी चारही घातले होते," ती म्हणाली. "माझ्या हाताने. देवाशपथ!"

उबाल्दो उठले. तीस वर्षं त्यांनी जमिनीच्या भांडणात घालवली होती, पण खरा खटला आज उभा राहत होता. त्यांनी जाऊन खोलीचं दार लावलं आणि पाठ टेकून उभे राहिले. "कोणी बाहेर जाणार नाही. खांब कोणाच्या तरी तोंडात आहे. सगळ्यांनी आ करा."

"मी साठीची बाई, मी आ करू?"

"कायद्यापुढे सगळे सारखे, दोन्या."

"आणि तपासणार कोण?"

"डॉक्टर आहे की आपल्यात. कुत्र्यांची असली म्हणून काय झालं?"

रोसेंदोच्या घशातून एक आवाज निघाला. त्याने जिभेने खांबाचा पाय धरला, मागे रेटला, पुढे रेटला, पिरगाळला. कंदील कडीत आणखी खोल गेला. स्वतःच्या कामाचा त्याला अभिमान होता; ती कडी त्याने कच्ची वळलीच नव्हती. टाळूपासून पट्टी सुटली, पुन्हा बसली, आणि त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"बघा, रडतोय!" उबाल्दो बोट दाखवून म्हणाले.

"ती जातेय म्हणून रडत असेल तो," दोन्या हासिंता म्हणाली. "उगीच छळू नका त्याला."

निएवेसने वर बघितलं. क्षणभर. मग म्हणाली, "मी कोणाची तोंडं तपासणार नाही. आज सुट्टी आहे माझी. चला, खेळ मांडा. खांब सापडेल तेव्हा सापडेल."

उबाल्दो नाइलाजाने बसले, पण खुर्ची दाराला लावूनच.

खेळ मांडला. पुठ्ठ्याच्या गावाच्या मधोमध चौक, चौकात खजिन्याची पेटी, आणि उत्तरेला वेस. पेटी घेऊन जो वेशीबाहेर पडेल तो जिंकला. टेबलावरून एकदा बाहेर गेलेला महावीर परत येत नाही, हा साधा नियम. रोसेंदोकडे महावीर नसल्यामुळे त्याला गावातली माणसं हलवायचं काम दिलं. त्याने एक फुगेवाला इकडचा तिकडे ठेवला आणि गाल धरून बसला.

सुसाट खरंच सुसाट होती. पहिल्या चालीत चौकात, दुसऱ्या चालीत पेटी बगलेत. आरसेवाल्याने वाट अडवली तर ती त्याच्या डोक्यावरून गेली. ज्वालामाईने आग लावली ती शेपटासारखी मागेच राहिली. एरवी निएवेस अशी चाल साधली की टेबलावर मूठ आपटायची, उबाल्दोंना चिडवायची. आज ती नुसती मोजपट्टी टेकवत होती आणि महावीरीण पुढे ठेवत होती.

वेस आता पावलावर आली होती.

"झालं," ती म्हणाली. "पुढच्या चालीला मी बाहेर." तिने पर्समधून फोन काढला. "तोपर्यंत बहिणीला कळवून टाकते. उगीच वाट बघत बसलीय ती."

"काय कळवतेस?" दोन्या हासिंताने विचारलं.

"काय कळवणार? इथे कोणाला काही बोलायचंच नाहीये."

तिचा अंगठा फोनवर टेकला.

रोसेंदोने भिंतीकडे तोंड केलं. दोन बोटं तोंडात घातली. एका कारागिराने आपल्या आयुष्यातल्या उत्तम कामाला जसं धरू नये तसं त्याने धरलं, आणि ओढलं. टक्‌ असा आवाज झाला. तो वळला, टेबलावर वाकला, आणि जे काही हातात आलं होतं ते तसंच्या तसं उत्तरेच्या वेशीत ठेवून दिलं.

तिघांच्याही माना वेशीकडे वळल्या.

वेशीत खांब उभा होता. ओला, बिनरंगाचा, ढेरी पुढे काढून. त्याच्या उगारलेल्या कंदिलाला तारेची कडी, कडीला गुलाबी पट्टी, आणि पट्टीवर दोन शुभ्र, सुबक, अतिशय खरे वाटणारे दात. ते वेशीच्या उरलेल्या फटीत असे बसले होते, जणू कोणी दार ओढून घेतलंय.

"आई गं," दोन्या हासिंता म्हणाली.

"हरकत!" उबाल्दो उठले. खुर्ची पडली. "एक, महावीर उशिरा उतरवला. दोन, त्याचा पाया ठरल्यापेक्षा मोठा आहे. तीन, ते काय आहे?"

रोसेंदोने तोंडावर हात धरला होता. हाताआडून कानापर्यंत लाल झालेला चेहरा तेवढा दिसत होता. कवळ्यांसमोर घोटलेलं वाक्य जिभेवर आलं, पण जिभेला कंदिलाने इतकं ओरबाडलं होतं, आणि वरच्या खिंडीतून वारा असा जात होता, की त्याने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

निएवेसने फोन टेबलावर पालथा ठेवला. चष्मा लावला. खुर्ची पुढे ओढली आणि एखाद्या आजारी मांजराच्या जबड्यात बघावं तसं वेशीत बघितलं. मग मोजपट्टी घेतली. खांब आणि डावी भिंत. दात आणि उजवी भिंत. मग सुसाटचा पाया. पुन्हा फट.

"दात बाजूला करा," उबाल्दो म्हणाले, "नुसत्या खांबाच्या बाजूने ती आरामात जाईल."

"खांबाला कोणी हलवू शकत नाही," निएवेस म्हणाली. "त्याच्या डब्यातल्या कार्डावर लिहिलंय."

"दात म्हणजे खांब नव्हे!"

"अडकलेत ना त्याला? मग त्याचेच." तिने मोजपट्टी खाली ठेवली. "वाट नाही, वकीलसाहेब. मी मोजलं."

मग तिने रोसेंदोकडे बघितलं. तो अजून हाताआड.

"हे तूच बनवलेस?"

त्याने मान हलवली. या वेळी उभी, एकदाच.

"तीन वर्षं शेजारी बसतेय. कळलं नाही मला." तिने पट्टीवरचा एक दात नखाने हलकेच वाजवून बघितला. "आणि मी रोज दात तपासते."

"कुत्र्यांचे," उबाल्दो पुटपुटले, आणि दोन्या हासिंताने त्यांच्या पायावर पाय दिला.

"तर खांब तुझा," निएवेस म्हणाली. "पुढच्या सणापर्यंत. आणि तमालेही तुझेच."

रोसेंदोने पुन्हा मान हलवली.

"मला मोलेच्या रश्शातले नकोत, आंबट ढेकर येतात. मिरचीचे कर, चीज घालून. आणि पीठ ताजं दळून आण, त्या कोपऱ्यावरच्या बाईकडचं नको." तिने सुसाटला उचललं, क्षणभर हातात धरलं, आणि वेशीच्या आत, खांबाला अगदी लागून ठेवलं. "दोन फेब्रुवारीचं बोलतेय मी. तीन तारखेचं मला विचारू नकोस."

रोसेंदोने तोंडावरचा हात खाली घेतला. उबाल्दो खुर्ची उचलत पुढची चाल कोणाची म्हणून विचारत होते. फोन दोनदा थरथरला आणि टेबलावर पालथाच सरकत फुगेवाल्याला जाऊन लागला. निएवेसने खांबाच्या खांद्यावर चिकटलेला साखरेचा कण नखाने टिपला, उजेडात धरून बघितला, आणि तोंडात टाकला.